मोर्शीच्या साहेबांची पिशवी

गोल्फ हा खेळ मला अजून कळलेला नाही. टीव्हीवर दिसला की मी बघत बसते. माणसं भर उन्हात लांबवर चालत जातात, एकदा काठी मारतात, पुन्हा चालू लागतात, आणि बघणारे टाळ्या नेमक्या कशासाठी वाजवतात ते मला सांगूनही समजत नाही. तरी मी आयुष्यात गोल्फच्या दोन पिशव्या शिवल्या आहेत. अख्ख्या वऱ्हाडात असं म्हणू शकणारी दुसरी बाई असेल तर तिनं मला येऊन भेटावं, चहा माझ्याकडे. या दोनातली पहिली पिशवी चुकली. चुकली म्हणजे टाके उसवले नाहीत, कापड फाटलं नाही, गिऱ्हाईक भांडलं नाही. उलट ज्यानं त्यानं वाखाणली. आणि तरी चुकली. ते सांगायला बसलं की बाबा, माय, अकोल्याचे पाहुणे सगळेच मध्ये येतात, आणि कुठून सुरुवात करावी हे मला कधीच ठरवता येत नाही.

आमचं दुकान अमरावतीत होतं आणि दुकानाच्या पाठीला चिकटून घर. बाबा ताडपत्रीचं काम करायचे. कापसाच्या गाड्यांवर टाकायची झाकणं, होल्डॉल, पोस्टमनच्या पिशव्या, शाळेची दप्तरं, जे जे जाड आणि जड ते आमच्याकडे. सकाळी डोळा उघडायचा तो पितळी रिंगा ठोकण्याच्या आवाजानं. ठक, ठक, मग जरा शांतता, मग बाबांचा खोकला, मग पुन्हा ठक. दोरा मेणातून ओढून घ्यावा लागे, त्यामुळे घरात सगळ्याच वस्तूंना मेणाचा वास. मायनं थापलेली ज्वारीची भाकर आणि वर मिरचीचा ठेचा असं तोंडाजवळ नेलं की आधी मेण, मग ज्वारी, आणि मिरची मागाहून डोळ्यांत. मला कितीतरी वर्षं वाटायचं की भाकरीचा वासच तसा असतो. दुकान आणि घर यांच्यामध्ये एक पडदा होता, तोही ताडपत्रीचाच. पडद्याच्या पुढं बाबांचं मशीन आणि गिऱ्हाईक, पडद्याच्या मागं जुनं मशीन आणि मी.

बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. आधी ते सुईत दोरा ओवायला मला हाक मारायचे, मग कापड बेतायला, मग शिवायलाही. दोनेक वर्षांत अशी वेळ आली की बाबा पुढं बसून माप घ्यायचे, बोलणी करायचे, पायडल उगाच हलवायचे, आणि माल सगळा माझ्या हातचा. गिऱ्हाइकांना याचा पत्ता नव्हता. मला पुढच्या मशीनवर बसायचं होतं. त्या वयात मला दुसरं काहीच नको होतं, ना साडी ना सिनेमा. ज्याच्यासाठी मी शिवते तो माणूस एकदा डोळ्यांनी बघायचा होता, एवढंच. मी विषय काढला की बाबा म्हणायचे, "दुकानावर पोरगी बसली का गिऱ्हाईक बाहेरूनच जाते. लोकायले वाटते, कारागीर मेला."

अशात एक दिवस मोर्शीहून एक साहेब आले. पडद्याच्या फटीतून मला फक्त त्यांची खाकी टोपी दिसली आणि चादरीत गुंडाळलेलं एक लांबट गाठोडं, जे त्यांनी फळीवर ठेवलं तेव्हा आत लोखंड वाजलं. फौजेतून निवृत्त होऊन ते मोर्शीजवळच्या आपल्या संत्र्याच्या बागेत राहायला आले होते. चादर सोडली तर आत पाच काठ्या, प्रत्येकीच्या टोकाला लोखंडी खूर.

"हे काय सायब, साप मारायचं?" बाबांनी विचारलं.

"गोल्फ."

"म्हंजे?"

"लहानसा चेंडू असते. तो काठीनं मारत मारत न्यायचा, आन खड्ड्यात टाकायचा."

"मंग हातानंच नेऊन काहून नाही टाकत?"

साहेबांनी खिशातून घडी घातलेला एक गुळगुळीत कागद काढला. परदेशी मासिकातलं चित्र होतं. कमरेइतकी उंच, चामड्याची, पोटाशी खिसेच खिसे असलेली पिशवी. "अस्सी पायजे," ते म्हणाले. "एक खिसा कमी नको." बाबा कितीही तिरकस असले तरी कारागीर पक्के होते. त्यांनी नेमका प्रश्न विचारला: "पण सायब, तुमी खेळता कसे? पिशवी गाडीवर राह्यते का खांद्यावर? दुसरा कोनी उचलते का तुमीच?" पलीकडून काहीच आवाज आला नाही. चांगला वेळ गेला. मग साहेब म्हणाले, "जसे सायब लोक खेळतात तसे." परवा माझ्या नातीनं मला मोबाइलवर दाखवलं. आता या पिशव्या घरबसल्या मागवतात, आणि मागवताना पहिल्यांदा हेच विचारतात की तुम्ही चालत खेळता की गाडीतून, पिशवी पाठीवर घेता की ओढत नेता. मला हसू आलं. बाबांनी ते कधीच विचारलं होतं. उत्तर ऐकायला मी पडद्यामागं होते, त्यामुळे मला शब्द ऐकू आले आणि माणूस दिसलाच नाही.

त्या दिवशी जेवताना घरात दुसरा विषय नव्हता. मायचं म्हणणं होतं की त्या काठ्या झाडावरची संत्री पाडायला असणार, खेळ वगैरे सगळा बहाणा. बाबांना वाटत होतं की एवढ्या खिशांत बंदुकीचं सामान ठेवत असतील. मला काहीच वाटेना. मी वांग्याच्या भाजीत भाकर बुडवून तशीच बसले होते. तेवढ्यात बाबा म्हणाले, "कुसुम, हे पिशवी तू एकटी शिव. मी हात लावत नाही. सायबानं नावाजली तर दसऱ्यापासून पुढच्या मशीनवर तू. नाही नावाजली, तर अकोल्याच्या पाहुण्यायले मी हो सांगतो. मंग मले पुना मशीनचं बोलू नको." माय म्हणाली, "काय बाप्पा, पोरीच्या जन्माचा सौदा पिशवीवर?" बाबा म्हणाले, "मंग कशावर करू? आपल्या घरात दुसरं हाय काय?"

अकोल्याचे पाहुणे त्याच आठवड्यात मला बघायला येऊन गेले होते. मुलगा आणि त्याची आत्या. मुलगा अकोल्याला बियाण्यांच्या दुकानात कामाला होता, आईवडील नव्हते, सगळा कारभार आत्याचा. पोहे झाले, चहा झाला, नाव विचारून झालं, आणि मग आत्यांनी ते म्हटलं जे सगळेच म्हणायचे. "पोरी, जरा त्या दारालोक चालून दाखव." मी उठले आणि चालायचं कसं तेच विसरले. उजवा पाय आधी की डावा, हात हलवायचे की पदराला धरायचे, काही सुचेना. दारापर्यंत गेले, वळले, परत आले. अंगाची लाहीलाही झाली होती. आत्यांनी मान हलवली, म्हणजे मी लंगडत नव्हते. माझ्या चालण्यातून एवढंच बघायचं होतं त्यांना. दुसऱ्या खेपेला ते चहाला थांबले तेव्हा साहेबांनी मापासाठी ठेवलेलं काठ्यांचं गाठोडं कोपऱ्यात उभं होतं. मुलानं तोंड उघडलं ते तेव्हाच. "हे काय हाय?" मी म्हटलं, "मलेही माहीत नाही." तो हसला. चांगला होता की वाईट, मला आवडला की नाही, मला खरंच काही कळत नव्हतं.

मी पिशवी शिवायला घेतली. चित्रात ती पुढून दिसत होती, मागून कशी असते ते काही चित्र सांगत नव्हतं. चित्रात वरच्या तोंडाला चौदा खण, आणि साहेबांच्या काठ्या पाच. उरलेल्या नऊ खणांत काय ठेवतात ते कोणाला विचारू? जुन्या बादलीचं लोखंडी कडं तोंडाला घातलं, तळाला दुहेरी चामडं, मध्ये ताडपत्रीचे दोन थर. आमच्या घरात एक नियम होता, दोन बोटं जास्त सोडायची. ताडपत्री पहिल्या पाण्यात आटते, म्हणून गाडीचं झाकण नेहमी दोन बोटं मोठंच बेतायचं. मी इथेही सगळीकडे दोन बोटं सोडली, उंचीत, घेरात, खिशांत. पिशवी तयार झाली तेव्हा ती एकटीच खोलीभर झाली. मायनं उचलायचा प्रयत्न केला आणि परत ठेवली. पण दिसायला! खोटं कशाला बोलू, मला ती इतकी आवडली की मी तिच्यावरून दिवसातून चार वेळा फडकं फिरवत होते.

साहेब आले. मी फटीतून त्यांचे हात पाहिले. हात पिशवीवरून फिरले, एकेक खिसा उघडला, मिटला. मग साहेब इतकंच म्हणाले, "अस्सीच होती." होती कशी, हा प्रश्न माझ्या मनात आला आणि आनंदाच्या भरात निघूनही गेला. ते पिशवी घेऊन एसटीला गेले आणि बाबा पडदा सारून आत आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पाण्याच्या माठाकडे पाहून म्हणाले, "दसऱ्यापासून." त्या दिवशी मायनं राजकमल चौकातून दह्यातला गिला वडा मागवला. दही हनुवटीवर ओघळेपर्यंत मी खाल्ला.

चार दिवसांनी मला पडद्यामागं पिशवीचा टोप सापडला, पावसात तोंडावर घालायचा. द्यायचाच राहून गेला होता. माय म्हणाली, चल, आपणच नेऊन देऊ, येताना संत्री आणू. आम्ही मोर्शीला गेलो. बाग मोठी नव्हती. झाडांच्या पलीकडे एक पडीक पट्टा होता आणि त्यात डालड्याचे डबे जमिनीत पुरून सहा खड्डे केले होते, प्रत्येकाजवळ तुरीची एकेक काटकी रोवलेली. साहेब पट्ट्याच्या त्या टोकाला होते. मी त्यांना पहिल्यांदा पूर्ण पाहिलं. खाकी टोपीवाला रुबाबदार माणूस माझ्या डोक्यात होता. समोर होता तो बारकासा, साठीचा, कमरेत वाकलेला, आणि त्याच्या उजव्या खांद्यावर माझी पिशवी. ती त्यांना एका बाजूला ओढत होती. दोन खड्ड्यांमधलं अंतर ते तीनदा थांबून चालले. पोचल्यावर त्यांनी पिशवी खाली ठेवली, एक काठी काढली, कमरेच्या फडक्यानं तिचा खूर पुसला, आणि मुठीची बाजू पुढं करून काठी समोर धरली. समोर कोणी नव्हतं. क्षणभर ते तसेच उभे राहिले. मग त्यांनीच ती काठी दुसऱ्या हातानं घेतली आणि चेंडूला मारली.

"रोज तसंच करते ते," काकू, म्हणजे साहेबांच्या पत्नी, मागून म्हणाल्या. त्या आमच्यासाठी संत्री सोलत होत्या. "सायब नव्हते वो ते कधी. फौजेत सायबायच्या गोल्फच्या पिशव्या उचलत होते. सारी नोकरी त्याच्यातच गेली. शेवटच्या सायबानं जाताना या पाच जुन्या काठ्या देल्ल्या. तवापासून एकच ध्यास, आपल्याले बी तशी पिशवी पायजे." मी विचारलं, खेळणं कसं चाललंय? काकूंनी एक फोड मायच्या हातावर ठेवली. "आधी चादरीत काठ्या बांधून साही खड्डे दोनदा खेळत. पिशवी आल्यापासून दोन खड्डे झाले का घरी येते. मी खांदा शेकून देते. पन तुमी काई बोलू नका. लय खूश हायेत." मी टोप त्यांच्या हातात दिला. साहेबांना भेटलेच नाही. मला भेटायची लाज वाटली.

परतीच्या एसटीत माय संत्र्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. "नाकापेक्षा मोती जड झाला," ती म्हणाली, आणि लगेच माझ्याकडे वळली. "पन तू गप राह्य. पुढचं मशीन पदरात पडून राहिलं. त्याले लाथ मारू नको." मी काय करावं? साहेब खूश, बाबा खूश, पैसे मिळाले, माल नावाजला गेला. माझ्याशिवाय कुणाचंच काही अडलं नव्हतं. आणि मी पुढच्या मशीनवर बसायचं होतं ते माणूस बघायला. तो तर मी आत्ताच बघून आले होते. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण मला तर आड कुठला आणि विहीर कुठली तेही ठरवता येईना. अमरावती आलं तेव्हा मी रडत होते आणि का रडते हे मायला सांगू शकत नव्हते.

"बाबा, पिशवी चुकली," मी घरात पाय ठेवताच म्हटलं. सगळं सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि तडकले. "गिऱ्हाईक खूश हाय, मंग चुकली कशी? तुले पुढं बसायचं नाही का?"

"बसायचं हाय."

"मंग काहून सांगून राहिली?"

"बसायचं हाय म्हनूनच सांगून राहिली," मी म्हटलं. म्हणून तर गेले, पण त्याचा अर्थ त्या वेळी मलाही नीट लागला नव्हता. बाबा म्हणाले, "तूच म्हनते चुकली, तर चुकली. सौदा म्हंजे सौदा. दसरा झाला का अकोल्याच्या पाहुण्यायले बोलावतो." ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पुढं त्यांचं मशीन रिकामंच खडखडत होतं, दोरा न घालता.

मी साहेबांना एक कार्ड टाकलं, पिशवीत थोडं काम राहिलं आहे, घेऊन या. ते आले. फळीवर पिशवी ठेवून ते बाबांवरच घसरले, "काय कमी हाय याच्यात?" मग मी पडदा सारला आणि बाहेर आले. दुकानाच्या त्या बाजूला गिऱ्हाइकासमोर मी कधी उभी राहिले नव्हते. तोंडातून शब्द निघाले ते नेमके मला नकोसे झालेले. "काका, जरा चालून दाखवा."

मायच्या हातातली ताटली आत कुठंतरी पडली. "पिशवी घेऊन, त्या खांबालोक," मी म्हटलं. त्यांनी पिशवी उचलली आणि दुकानापुढच्या ओट्यावरून चालले. कंबर वाकली, मान पुढं गेली, नजर जमिनीवर. "आता ते ठेवा, आन तसेच या." ते परत आले तेव्हा छाती पुढं होती. त्यांचं त्यांनाच ते कळलं असावं, कारण ते मध्येच थांबले. मी विचारलं, "काका, तुमी खेळता कसे?" या खेपेला मी त्यांच्याकडे बघत होते, म्हणून मधली शांतता मला लांब वाटली नाही. "एकटा खेळतो, पोरी," ते म्हणाले. "मांगं कोनी नसते." आणि टोपी काढून त्यांनी डोळ्यांना लावली. बाबांनी चष्मा पुसला. मला वाटलं, धूळ असेल.

दुसरी पिशवी मी एका दिवसात शिवली. एका थराची, पाच काठ्यांपुरती, दप्तरासारखे दोन्ही खांद्यांवर पट्टे, खाली ठेवली तर आपोआप उभी राहावी म्हणून बांबूच्या दोन चिपा, आणि दोन संत्री मावतील एवढा एकच खिसा. दोन बोटं कुठंही सोडली नाहीत. साहेब ती घालून ओट्यावर तीन फेऱ्या चालले, न सांगता. मोठी पिशवी त्यांनी दुकानातच ठेवली. आज तिच्यात आमच्या घरच्या छत्र्या उभ्या असतात, चौदाही खणांत.

दसरा झाला. आपट्याची पानं अजून फळीवर होती तेव्हा अकोल्याची आत्या आणि तो मुलगा आले. सौदा म्हणजे सौदा. मी पडद्यामागं साडी नेसून उभी होते आणि मला वाटत होतं की आता हे जुनं मशीनही सुटलं. पोहे झाले. आत्या म्हणाल्या, "मंग भाऊ, तुमचं काय ठरलं? आमाले पोरगी पसंत हाय. चालनं चांगलं हाय तिचं." बाबा उठल्याचा आवाज आला. पडदा सरला. "कुसुम," ते म्हणाले, "अथी बस," आणि त्यांनी पुढच्या मशीनच्या स्टुलाकडे बोट केलं. मी बसले. स्टूल त्यांच्या अंगानं गरम होतं. बाबा पाहुण्यांशेजारी गिऱ्हाइकाच्या बाकावर जाऊन बसले, मांडीवर हात ठेवले, आणि त्या मुलाकडे वळले.

"भाऊ, जरा त्या खांबालोक चालून दाखवा."

आत्या म्हणाल्या, "अवो माय! पोरगा कुठं चालून दाखवते का?"

"आमच्या दुकानाची रीत हाय," बाबा म्हणाले. "आधी चालून दाखवा लागते. कारागीर पाहून राहिली."

मुलगा उठला, लाल झाला, हसला. खांबापर्यंत गेला, वळला, परत आला. त्याचा डावा खांदा जरा उतरता होता, बियाण्यांची पोती त्याच बाजूनं उचलत असणार. लग्न होऊन अकोल्याला येताना ते पुढचं मशीन माझ्याबरोबर आलं, आणि इथली पहिली पिशवी मी त्याच्यासाठी शिवली. पट्टा उजव्या खांद्यावर.